जर आणि जरी

शिवकन्या गडदे आमच्या कॉलेजात शिकवायला आली, तेव्हा तिच्या वाट्याला आलेल्या विषयाला मुलं ‘कपाळ’ म्हणायची. विषयाचं खरं नाव कंपायलर. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं जे सॉफ्टवेअर असतं, ते आतून कसं चालतं याचा तो अभ्यास. बीएस्सी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला तो असतो, आणि आधीच्या वर्षी निम्म्याहून जास्त वर्ग त्यात आपटला होता.

आमचं कॉलेज सेलूत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वाटेत जिनिंगच्या लांबलचक भिंती लागतात आणि हंगामात सरकीचा वास थेट वर्गात येतो. मी तिथं मराठी शिकवते. संगणकाचा विभाग माझ्या वर्गाला लागून आहे, त्यामुळे शिवकन्याशी माझी ओळख चहाच्या कपावर झाली आणि मग घट्ट होत गेली. ती मला रुख्मिणीताई म्हणते. पुढं जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, थोड्यात माझा हातही लागला आहे.

शिवकन्या परभणीजवळच्या झरीची. वडील उमाजी आणि आई बानूबाई शेळ्या-मेंढ्या पाळायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन दोघं नदीकाठाला निघायचे ते उन्हाळा सरताना परतायचे, म्हणून पोरीला त्यांनी परभणीच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या शाळेत कापडाखाली झाकून ठेवलेले संगणक होते. नववीत असताना एकदाचे ते उघडले. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेल्या चार ओळी हिनं टाइप केल्या, त्यात एक अक्षर चुकलं आणि पडद्यावर लाल ओळ आली. बाकीच्या मुली ओळ पुसून पुढं गेल्या. हिनं मात्र बाईंना विचारलं की मशीनला कसं कळलं. बाईंना ते सांगता आलं नाही. शिवकन्या म्हणते की तिचं पुढचं सगळं शिक्षण त्या एका प्रश्नापायी झालं. नांदेडला एमएस्सी केली, पुण्यात एका कंपनीत नोकरी केली, आणि उमाजी वारल्यावर आईजवळ राहता यावं म्हणून ती सेलूला आली.

पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गाची पुस्तकं बंद करायला लावली आणि फळ्यावर खडूनं एक ओळ लिहिली.

जर(बकऱ्या>२०)दाखव"पेंड वाढवा"

मुलं हसली. मराठीत प्रोग्रॅम त्यांनी कधी पाहिला नव्हता. शिवकन्यानं त्यांना हसू दिलं आणि मग सांगितलं, की कंपायलरला तुमचा प्रोग्रॅम असाच दिसतो, एकामागं एक अक्षरं. त्याला शब्द दिसत नाहीत, ते त्याला पाडावे लागतात. डावीकडून एकेक अक्षर वाचत जायचं, कुठं तुकडा संपला ते ठरवायचं आणि त्या तुकड्यावर तो कोण आहे याची चिठ्ठी लावायची. असा चिठ्ठी लावलेला तुकडा म्हणजे टोकन. कंपायलरचं सगळ्यात पहिलं काम हे. हे जमलं नाही तर पुढचं काहीच होत नाही.

मग तिनं खडू वर्गाकडं दिला. एकेकानं पुढं येऊन उभ्या रेघा मारल्या. ‘जर’ हा भाषेतला राखीव शब्द. कंस वेगळा. ‘बकऱ्या’ हे आपण ठेवलेलं नाव. ‘पेक्षा जास्त’ची खूण, मग आकडा, मग पुन्हा कंस, ‘दाखव’ हा दुसरा राखीव शब्द आणि अवतरणातला मजकूर सगळा मिळून एक तुकडा. साडीच्या दुकानदाराचा गोपाळ नावाचा मुलगा होता, त्यानं दोन आणि शून्य यांच्यामध्येही रेघ मारली. वर्ग खिदळला. शिवकन्यानं त्यालाच विचारलं की आता किती बकऱ्या झाल्या. तो म्हणाला, “मग तर दोनच झाल्या मॅडम.” त्यातून नियम निघाला. आकडे येत राहतात तोवर संख्या एकच.

गोपाळ चिडून बसला नाही. त्यानं उलट प्रश्न टाकला. आमच्या दुकानात मी ‘जरी’ नावाचा माल ठेवला तर? मशीन आधी ‘जर’ वाचणार आणि तिथंच तुकडा पाडून मोकळं होणार, मग पुढं उरलेल्या वेलांटीचं काय?

शिवकन्याला हाच प्रश्न हवा होता. ती म्हणाली की मशीननं घाई करायची नाही. पुढचं अक्षर त्याच शब्दात बसत असेल तर वाचत राहायचं. जेवढा लांब तुकडा होऊ शकतो तेवढा होऊ द्यायचा आणि मग बघायचं की तो राखीव शब्द आहे का. ‘जर’पाशी थांबलं तर चूक, ‘जरी’पर्यंत गेलं तर बरोबर.

मागच्या बाकावर वालूरहून एसटीनं येणारी धम्मशीला बसायची. बोलायची कमी. तास संपता संपता ती उभी राहिली. “मॅडम, हे नुसतं फळ्यावरच चालतंय का खरंच चालंल?”

शिवकन्यानं मला नंतर सांगितलं की ती त्या क्षणी पुढच्या तासाचं ठरवत होती, पण तोंडातून भलतंच निघालं. ती म्हणाली, “आपण बनवू.”

भाषेचं नाव दुधना ठेवलं. आमच्या भागातली नदी, कुणाचा वाद व्हायचं कारण नव्हतं. तास संपल्यावर धम्मशीला, गोपाळ आणि आणखी काही जण लॅबमध्ये बसू लागले. विभागप्रमुख रामप्रसाद सर भले गृहस्थ, पण अभ्यासक्रमाच्या बाहेर पाऊल पडलं की त्यांना धास्ती वाटते. परीक्षा इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, मग हा खटाटोप कशाला, असं त्यांनी एक-दोनदा विचारलं. शिवकन्या म्हणाली की मुलांना इंग्रजी येत नाही असं नाही, विषय कळला नाही म्हणून ती अडतात. सर मान हलवून निघून गेले, लॅबची किल्ली मात्र तिच्याकडंच राहू दिली.

तुकडे पाडणारा पहिला प्रोग्रॅम, मुलांच्या भाषेत तुकडापाड्या, तयार झाला आणि पहिल्याच चाचणीत कोसळला. गोपाळनं हौसेनं ‘जरी’ टाकलं होतं. मशीननं ‘जर’ कापला आणि वेलांटीकडं बोट दाखवून म्हटलं की हे अक्षर ओळखीचं नाही. ‘दाखव’चं तर पार वाटोळं झालं, द एकीकडं आणि काना दुसरीकडं. नियम सगळा बरोबर लिहिलेला होता. तरी प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटत होता.

कारण सापडायला दोन दिवस गेले. संगणकात ‘दा’ हे एक अक्षर नसतं. द वेगळा ठेवलेला असतो, काना वेगळा. आणि ‘हे अक्षर आहे का’ हे विचारायची जी तयार सोय त्या मुलांनी वापरली होती, ती द ला हो म्हणायची आणि कान्याला नाही.

शिवकन्या स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसली. “ताई, मात्रेनं शब्द सुरू होतो का कधी?”

मी म्हटलं, कसा होईल. मात्रेला टेकायला आधी व्यंजन लागतं.

“आणि अनुस्वारानं?”

तोही नाही. पाय मोडण्याची खूणही नाही. ती हसायला लागली. इतकी वर्षं मी व्याकरण शिकवते, पण ही गोष्ट नियम म्हणून सांगावी असं मला कधी सुचलं नव्हतं, कारण आपलं कुणी तिथं चुकतच नाही. त्या दुपारी आम्ही दोघींनी एक तक्ता केला. कोणत्या अक्षरानं शब्द सुरू होऊ शकतो, आणि कोणती चिन्हं फक्त शब्दाच्या पोटात येऊ शकतात. स्वर आणि व्यंजनं पहिल्या रांगेत. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडण्याची खूण दुसऱ्या. तयार सोय काढून तिथं हा तक्ता बसवला आणि ‘जरी’ सबंध बाहेर आली. गोपाळनं ‘जरीकाठ’ टाकून पाहिलं, तेही सबंध. मग त्याला कुणी आवरेना, दुकानातला सगळा माल त्यानं मशीनकडून वाचून घेतला.

नांदेडला विद्यापीठात प्रकल्पांचं प्रदर्शन भरणार होतं. कॉलेजातून एकच नाव जायचं. रामप्रसाद सर म्हणाले की आधी मी पाहतो. लॅबमध्ये सगळे जमले, मीही गेले. धम्मशीलाकडं घरी संगणक नव्हता, ती येता-जाता बसमध्ये फोनवर लिहायची आणि लॅबमध्ये आणून जोडायची. त्या दिवशीचा प्रोग्रॅमही तसाच केलेला, वरचा भाग लॅबमध्ये लिहिलेला आणि खालचा फोनवरून आलेला. तिनं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, ‘ओळ सहा: ‘’ हे अक्षर ओळखीचं नाही.’

अवतरणाच्या आत काहीच नव्हतं. सहाव्या ओळीत ‘बकऱ्या’ असा साधा शब्द होता, आणि पहिल्या ओळीतला तोच शब्द मशीननं मुकाट्यानं वाचला होता. धम्मशीलानं शब्द खोडून फोनवरून परत आणला. तरी तेच. मशीन कशाबद्दल तक्रार करत आहे हे कुणालाच दिसत नव्हतं.

सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. ते म्हणाले की कष्ट दिसत आहेत, पण परक्या गावात हसं होण्यापेक्षा आपण साधा प्रकल्प पाठवू. शनिवारी यादी जाणार होती. तोवर चाललं तर बघू, इतकं बोलून ते गेले. धम्मशीला तोंड फिरवून खिडकीपाशी उभी राहिली.

शिवकन्यानं खुर्ची ओढली. तिनं मुलांना दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवायला लावले आणि प्रत्येक अक्षराखाली त्याचा संगणकातला क्रमांक छापायला सांगितलं. धम्मशीला वाचत गेली. ब सारखा, क सारखा. मग फरक निघाला. लॅबमधल्या शब्दात ऱ होता, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला. फोनवरच्या शब्दात साधा र होता, त्याचा पाय मोडलेला, आणि त्याच्यापुढं एक खूण होती जिला क्रमांक होता पण रूप नव्हतं. पडद्यावर ती काढायला काही नव्हतंच. दोन कीबोर्डांनी एकच शब्द दोन रीतींनी लिहिला होता.

गोपाळ म्हणाला की मग सोपं आहे, ती न दिसणारी खूण वाचताना फेकून द्यायची.

तिथं मी मधे पडले. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’. पहिला गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात आडवा होऊन य ला चिकटतो. ती न दिसणारी खूण नेमकं हेच सांगत असणार, की रफार करू नको. ती फेकली तर गुरू आणि स्वयंपाकी एक होतील, आणि बकऱ्यांवरही रफार चढेल.

शिवकन्यानं ते दोन शब्द वहीत उतरवून घेतले. मग तिनं धम्मशीलाला बोलावून खुर्चीत बसवलं आणि काय करशील असं विचारलं. धम्मशीलानं दोन्ही शब्दांचे क्रमांक पुन्हा वाचले. मग ती म्हणाली, “दोन्हीचा अर्थ एकच हाय ना मॅडम. मग तुकडे पाडायच्या आधीच बदलून टाकू. जिथं र, पाय मोडका आन् ती खूण दिसंल, तिथं पाय मोडका ऱ लावू. मशीनला एकच रूप दिसू द्या.”

चार ओळींचा बदल होता. तिनंच टाइप केला. बटण दाबल्यावर पडद्यावर टोकनांचा तक्ता खाली उतरत गेला, सहावी ओळ आली, बकऱ्या सबंध आल्या, आणि शेवटी ‘पेंड वाढवा’ हा मजकूर एकच तुकडा म्हणून उमटला. गोपाळ बाकावर चढला. शिवकन्यानं त्याला खाली उतरवलं नाही.

शनिवारी रामप्रसाद सरांनी स्वतःचा फोन काढला आणि त्यावरून ‘सोयऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’ अशी नावं पाठवली. सगळी बिनचूक आली. त्यांनी खिशातून पेन काढून तिथंच यादीत दुधनाचं नाव लिहिलं. वर म्हणाले, “नांदेडला मीही येणार.”

नांदेडला जाताना बानूबाईही आल्या. कळप शेजारणीवर सोपवून, नवं इरकल नेसून. लेकीचं काम काय आहे हे त्यांना गाडीत तिघा-चौघांनी मिळून सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मराठीत हाय ना? मग झालं.”

प्रदर्शनात चालणारी यंत्रं होती, बोलणारी यंत्रं होती, चेहरा ओळखणारे कॅमेरे होते. आमच्या टेबलावर एक संगणक आणि एक तक्ता. बराच वेळ कुणी थांबेना. मग पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई आल्या. धम्मशीला सांगू लागली, तर त्यांनी हातानं थांबवून कीबोर्ड स्वतःकडं ओढला. त्यांना बोलणं नको होतं, मोडून पाहायचं होतं.

त्यांनी सगळा प्रोग्रॅम एकही जागा न सोडता लिहिला. तुकडे बरोबर पडले. त्यांनी ‘जरी’ नाव ठेवलं, ‘दाखवलेलं’ नाव ठेवलं. दोन्ही सबंध आली. त्यांनी विचारलं की ‘जरी’तला ‘जर’ का कापला नाही. धम्मशीला म्हणाली, “जवर पुढचं अक्षर त्याच शब्दात बसायलंय, तवर आमचं मशीन कापत न्हाई. शब्द पुरा झाल्यावरच इचारतं की तू राखीव का मोकळा.” घाईत ती गावाकडचं बोलून गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी आपला फोन जोडला, त्यावरून ऱ्या असलेले शब्द पाठवले. तेही गेले. आजूबाजूच्या टेबलांवरची मुलं जमा व्हायला लागली होती. शेवटी त्यांनी चौथ्या ओळीच्या सुरुवातीला नुसता एक काना टाकला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं, ‘ओळ चार: मात्रेनं शब्द सुरू होत नाही. आधीचं अक्षर राहिलं का?’

बाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, मागं वळून, जमलेल्यांना ऐकू जाईल अशी. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं हा विषय शिकवते आहे, पण चूक दाखवताना विचारपूस करणारं मशीन पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी धम्मशीलाकडून न दिसणाऱ्या खुणेची सगळी हकिकत उभ्या उभ्या ऐकून घेतली.

संध्याकाळी सभागृहात तिसरं आणि दुसरं बक्षीस जाहीर झालं. मग पहिलं वाचलं गेलं. दुधना, सेलू. विद्यार्थी धम्मशीला आणि गोपाळ, मार्गदर्शक शिवकन्या उमाजी गडदे. उमाजींचं नाव त्या मोठ्या सभागृहात कर्ण्यातून घुमलं, तशा बानूबाई जागेवर उभ्या राहिल्या. टाळ्या थांबल्या, सगळे बसले, तरी त्या उभ्याच होत्या. शिवकन्या मंचावरून खाली आली आणि बक्षिसाची ढाल तिनं आईच्या हातात दिली. बानूबाईंनी ती पदरानं पुसली. “तुझ्या आबाचं नाव घेतलं त्यांनी,” एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मुलं परभणीपर्यंत गात होती. सेलूच्या फलाटावर गोपाळच्या दुकानातली माणसं हलगी घेऊन आली होती. धम्मशीलाचे वडील जिनिंगमधल्या कामावरून थेट आलेले, केसांत कापूस तसाच. त्यांनी लेकीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, ती लाजून पळाली, तर त्यांनी ढाल खांद्यावर घेतली आणि पुढं निघाले. रामप्रसाद सर मिरवणुकीत सगळ्यांत पुढं, आणि हलगीच्या ठेक्यावर त्यांचा एक पाय नकळत नाचत होता.

विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीतच झाली. निकाल लागला तेव्हा त्या विषयात वर्गातलं एकही मूल नापास झालेलं नव्हतं. जे दुधनात हातानं केलं होतं, तेच त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहून दिलं. धम्मशीला आता पुण्याला एमएस्सी करते आहे आणि परीक्षक बाईंच्याच हाताखाली देवनागरीतल्या अशा अडचणींवर काम करते. गोपाळनं दुकानाचा सगळा हिशेब दुधनात आणायचा चंग बांधला आहे, आणि त्याच्या वडलांना ते आवडू लागलं आहे. परभणी आणि जिंतूरच्या कॉलेजांनी दुधना मागून घेतली, तिथले शिक्षक दोन दिवस शिकायला आले.

यंदाच्या तिसऱ्या वर्षानं पुढचा भाग हाती घेतला आहे. तुकडे पाडून झाले, आता त्या तुकड्यांची वाक्यं बरोबर आहेत की नाहीत हे मशीनला ओळखता आलं पाहिजे. काल शिवकन्या हातात खडू घेऊनच स्टाफरूममध्ये आली आणि माझ्यासमोर बसली. तिला विचारायचं होतं की मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, ते नेहमीच येतं का. मी पुस्तक मिटलं आणि खुर्ची तिच्याकडं वळवली.